सौदीतला डबा आणि शिदोरी : शाळा, साइट, रमझान, प्रवास आणि सहल



सौदीत नव्याने आलेल्या कुटुंबाचे प्रश्न ठरलेले असतात. इकामा कधी हातात येईल, मुलांना शाळेत प्रवेश मिळेल का, घर कुठल्या भागात घ्यावे. हे सगळे मार्गी लागले की मग एखाद्या वहिनी हळूच विचारतात, "इथे डब्याला काय देता हो तुम्ही?" या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून हा लेख. छापून फ्रीजवर लावायला हरकत नाही.

पुण्यात, कोल्हापुरात किंवा चिपळूणला जो डबा बिनदिक्कत चालतो तो इथे जसाच्या तसा चालत नाही, याचे मुख्य कारण ऊन. रियाधमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी ४३-४५ अंश ही नेहमीची गोष्ट आहे, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत तापमान ६० च्या पुढे जाते. अन्नसुरक्षेचा जगभर पाळला जाणारा नियम असा आहे की शिजवलेले ओले अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे सौदीत वर्षाचे सहा-सात महिने हा 'एकच तास' लागू असतो.

यात सर्वात फसवा पदार्थ म्हणजे भात. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत बराच वेळ राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून "रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन डब्यात" हे करायचे असेल तर रात्रीचा भात जेवणानंतर लगेच, पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये गेलेला हवा. ओट्यावर राहिलेला भात फोडणीने शुद्ध होत नाही!

तेव्हा सौदीतल्या डब्याची पहिली कसोटी चव नाही, पौष्टिकताही नाही. पदार्थात पाणी किती आहे आणि तो खाईपर्यंत किती वेळ, कुठे राहणार आहे, हे आधी बघायचे. आपल्या आज्यांना हे पक्के ठाऊक होते. दशमी, धपाटे, मेतकूट, कारळ्याची चटणी, गूळ-शेंगदाणे हे सगळे फ्रीज नसलेल्या काळातले आणि उन्हातान्हात चालणाऱ्या माणसांचे पदार्थ आहेत. वाळवंटात ते जितके उपयोगी पडतात तितके मुंबईच्या फ्लॅटमध्येही पडत नसतील.

रियाधचा डबा वेगळा, जेद्दाचा वेगळा

हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. रियाध, कसीम, हाईल ही कोरडी गावे. तिथे चिवडा, खाखरा, शंकरपाळे उघड्या ताटात ठेवले तरी कुरकुरीत राहतात, पण पोळी तासाभरात कडक होते आणि भाकरीचे तर लाकूड होते. जेद्दा, दम्माम, जुबैल, यान्बू ही समुद्राकाठची. तिथे पोळी मऊ राहते, पण चिवड्याचा डबा दोनदा उघडला की तो मऊ पडला म्हणून समजा. पोळीला बुरशीही लवकर धरते.

त्यामुळे रियाधच्या बाजूला कणकेत थोडे जास्त तेल किंवा दही घालावे, पोळ्या सुती फडक्यात आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. समुद्राकाठच्या मंडळींनी पोळ्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात, कारण वाफेचे पाणी हेच पोळी खराब होण्याचे पहिले कारण. कोरडा खाऊ छोट्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवला तर एकदा उघडली की ती पिशवी संपते, मोठा डबा मऊ पडत नाही.

इडली-डोशाचे पीठ उन्हाळ्यात दोन्हीकडे पाच-सहा तासांत फुगून आंबते. रात्री बाहेर ठेवून सकाळची वाट बघू नये. संध्याकाळी वाटावे, झोपताना फ्रीजमध्ये टाकावे.

दुकानातली अरबी नावे

रियाधचे बथा आणि जेद्दाचे शरफिया इथे भारतीय दुकाने आहेत, मोठ्या हायपरमार्केटमध्येही कढीपत्त्यापासून मटकीपर्यंत सर्व मिळते. पण कोपऱ्यावरच्या बकाल्यात जे मिळते त्यातून डबा करता आला तर रोजची धावपळ वाचते. 'लबन' म्हणजे आपले ताक, 'जबादी' म्हणजे दही, 'हलीब' म्हणजे दूध. 'लबने' हा टांगलेल्या दह्याचा चक्का, फक्त खारट. 'बुर्र' म्हणजे अख्खा गहू. खुब्जच्या पाकिटावर 'बुर्र' असेल तर तो कोंड्यासकटचा. 'समोली' हा लांबट पाव, मिसळीबरोबर आणि वड्याला उत्तम. 'सिमसिम' म्हणजे तीळ. 'फूल' म्हणजे बाकल्याच्या शेंगांचे दाणे, सकाळी तमीस या तंदुरी रोटीबरोबर खातात. स्वस्त, पोटभरीचे, प्रथिनांनी भरलेले. (ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी मात्र फूल खायचे नाही. काही नवजात मुलांच्या तपासणीत हे निघते, त्या पालकांनी शाळेतही सांगून ठेवावे.)

आणि 'जरीश'! भरडलेला गहू, म्हणजे आपली लापशी. सौदीने २०२३ मध्ये जरीश हा राष्ट्रीय पदार्थ म्हणून जाहीर केला. ते लोक तो ताकात शिजवतात, आपण त्याचा उपमा करावा.

जरीशचा उपमा
साहित्य : १ वाटी जरीश, ३ वाट्या पाणी, कांदा, गाजर, मटार, मिरची, कढीपत्ता, फोडणीचे साहित्य, मीठ, लिंबू.
कृती : जरीश धुऊन अर्धा तास भिजवावा व निथळावा. फोडणीत कांदा व भाज्या परतून जरीश घालावा, पाच मिनिटे परतावे. पाणी व मीठ घालून कुकरला तीन शिट्ट्या कराव्यात. लिंबू पिळावे. रव्याच्या उपम्यापेक्षा यात चोथा जास्त असतो आणि भूक उशिरा लागते.

शाळेचा डबा

शाळा सकाळी लवकर भरतात. डबा साडेसहाला भरला आणि मधली सुट्टी साडेनऊ-दहाला असेल तर मध्ये तीन तास जातात. बस आणि वर्ग थंड असतात हे खरे, पण दप्तरे उन्हात रांगेत ठेवलेली आपण सर्वांनी बघितली आहेत. सोपा उपाय म्हणजे पाण्याची छोटी बाटली रात्री फ्रीझरमध्ये ठेवायची आणि डब्याला चिकटून पिशवीत घालायची. डबा गार राहतो आणि सुट्टीपर्यंत मुलाला प्यायला गार पाणीही मिळते. दहीभात द्यायचा असेल तर या बाटलीशिवाय देऊ नये.

बाटलीशिवायही चालणारे पदार्थ : मेथीचे किंवा पालकाचे पराठे, भाजणीचे छोटे थालीपीठ, नाचणीचे गोड डोसे, मुगाचे धिरडे (आत काही ओले न भरता), तिळगुळाची पोळी, डाळीच्या पिठाची वडी. बुर्रच्या खुब्जला तूप आणि दाण्याची चटणी लावून गुंडाळी केली तर तीन मिनिटांत डबा तयार होतो. दाण्याची चटणी देण्यापूर्वी शाळेचा नियम बघा. काही शाळांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे बंदी असते. तिथे जवसाची किंवा तिळाची द्यावी.

लबने हा सँडविचला फार चांगला. लबने, किसलेले गाजर, मिरपूड. किंवा लबने आणि कारळ्याची चटणी. पण तो ओला, म्हणजे बाटली हवीच. मेयोनीज मात्र डब्यात नको, हे आमचे स्पष्ट मत. एप्रिल २०२४ मध्ये रियाधमध्ये मेयोनीजमधून बोटुलिझमची विषबाधा झाली, सत्तरहून अधिक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. अशी घटना क्वचित घडते हे मान्य, पण उन्हातल्या दप्तरात मेयोनीज ठेवायला काही कारणही नाही.

डब्याबरोबर ज्यूसचा पुठ्ठ्याचा डबा देण्याची सवय इथे फार पटकन लागते. सौदी सरकारने २०१७ मध्ये कोला पेयांवर ५० टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के कर लावला, डिसेंबर २०१९ मध्ये साखर घातलेल्या इतर पेयांवरही ५० टक्के लावला होता. सरकारला असे करावेसे वाटले, यातच काय ते आले. त्याऐवजी लबनमध्ये थोडे पाणी, जिरेपूड आणि आले घातले की मठ्ठा.

खजुराबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. अल-अहसाचा खलास, कसीमचा सुक्करी, मदिनेचा अज्वा, आपण अगदी खजुराच्या माहेरी राहतो आणि "साखर नाही, खजूर घातलाय" असे म्हणत लाडूंचा डबा रिकामा करतो. सुक्या खजुराच्या वजनात साधारण दोन तृतीयांश साखरच असते. लोह, चोथा, पोटॅशियम मिळते हे खरे, म्हणून मुलांना दोन खजूर आणि चार बदाम हा उत्तम खाऊ आहे. मधुमेह असलेल्यांनी मात्र खजुराचा लाडू हा लाडू म्हणूनच मोजावा.

ऑफिस, साइट आणि एकटे राहणारे

एकटे राहणाऱ्या आपल्या बांधवांचे जेवण म्हणजे रात्री उशिरा बुखारी भात आणि कोंबडी, सकाळी फक्त चहा, दुपारी मेस. दहा-बारा वर्षे असे गेले की साखर आणि रक्तदाब दोन्ही दाराशी येतात. घरचा डबा नाही म्हणून फार काही अडत नाही. भिजवलेली मटकी किंवा मूग इथल्या हवेत एका रात्रीत मोड काढतात. पाच मिनिटे वाफवून, कांदा-लिंबू घालून तमीसबरोबर नाश्ता होतो. डब्यातले शिजवलेले हरभरे (हुम्मुसचे) धुऊन घेतले तर उसळ अर्ध्या तासात. टेबलाच्या खणात फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मेतकूट ठेवावे. मेतकूट ताकात कालवून प्यायले तरी पोटाला आधार होतो.

उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ थेट उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. ही सुट्टी कायद्याने दिलेली आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. या वेळात भरपेट भात खाऊन झोपले की तीन वाजता उठून कामावर जाणे जड जाते. त्यापेक्षा सकाळी निघताना भाकरी-उसळ असे दमदार खावे, दुपारी हलके (ताक, पोळी-भाजी, काकडी) आणि संध्याकाळी पुन्हा. घाम फार जात असेल तर नुसते पाणी पुरत नाही. १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, हे जागतिक प्रमाण लक्षात ठेवा. मीठ अंदाजाने जास्त घालू नका. रक्तदाब, किडनी किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. एखादा सहकारी उन्हात बरळायला लागला, अंग तापले, तर त्याला काही खायला-प्यायला घालत बसू नये. सावलीत न्यावे, अंग ओले करावे आणि ९९७ वर रेड क्रिसेंटची रुग्णवाहिका बोलवावी.

रमझानमध्ये

रमझानच्या दिवसात सूर्योदयापूर्वीपासून सूर्यास्तापर्यंत सार्वजनिक ठिकाणी खाणे, पिणे, धूम्रपान हा गुन्हा आहे, आणि तो बिगरमुस्लिमांनाही लागू आहे. रस्त्यावर सिग्नलला गाडीत पाणी पिणेही टाळावे. ऑफिसमध्ये बंद खोलीची सोय आहे का ते आधीच विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी असते, फक्त कोणी स्वतःहून सांगत नाही. अशा वेळी डब्यात वास दरवळणारे पदार्थ (लसूण फोडणी, सुका बोंबील!) नेऊ नयेत. लाडू, दशमी, केळे, गार ताक असे दोन मिनिटांत, आवाज न करता खाता येईल असे असावे. लहान मुलांना घेऊन बाहेर पडायचे असेल तर निघताना खाऊ घालून निघावे.

मंडळातल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांत सहरीला काय खावे हा प्रश्न उलटा असतो : दिवसभर तहान लागू नये. खारे, तळलेले आणि फार गोड टाळून नाचणीची आंबील, भाकरी-दही, उकडलेली अंडी चांगली. सहकाऱ्यांना इफ्तारला काही न्यायचे असेल तर मुगाची भजी आणि छोट्या करंज्या नेऊन बघा. समबुसा खाणाऱ्या लोकांना करंजी परकी वाटत नाही.

लांबचा प्रवास

रियाध-दम्माम सुमारे ४०० किलोमीटर, चार तास. रियाध-जेद्दा साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे दिवस जातो. मध्ये पेट्रोल पंप आहेत, पण शाकाहारी माणसाला तिथे बिस्किटे आणि चिप्स यापलीकडे फारसे मिळत नाही. पूर्वी नमाजाच्या वेळी सगळी दुकाने बंद होत. २०२१ पासून उघडी ठेवायला मुभा आहे, तरी आडरस्त्याला थांबावे लागते असे धरूनच निघावे. उमऱ्याला रियाध किंवा दम्मामहून गाडीने जाणाऱ्या कुटुंबांना तर ही शिदोरी लागतेच.

इथे राणी म्हणजे दशमी.

प्रवासाची दशमी
साहित्य : २ वाट्या कणीक, १ वाटी ज्वारीचे पीठ, २ मोठे चमचे तूप, मीठ, भिजवायला उकळून गार केलेले दूध.
कृती : पाण्याचा थेंब न घालता फक्त दुधात घट्ट भिजवावे. जाडसर लाटून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे, वरून तूप लावावे. जाळीवर पूर्ण गार करून सुती फडक्यात बांधावे. एसी गाडीत दीड-दोन दिवस उत्तम राहते. गोड हवी असेल तर दुधात गूळ विरघळवून घ्यावा, पण दूध गार झाल्यावर, नाहीतर फाटते.

(ज्वारीचे पीठ संपले तर नुसत्या कणकेची करावी. जाझान भागात राहणाऱ्यांना हा प्रश्न नाही, तिथे ज्वारी-बाजरी पिकते.)

सोबत लसणाची कोरडी चटणी, लिंबाचे गोड लोणचे, काकडी न चिरता आख्खी. बटाट्याची भाजी पहिल्या दोन तासांतच संपवायची. ओले खोबरे घातलेले काहीही घेऊ नये. कोकणातल्या मंडळींना हे जड जाईल, पण सांदण असो की नारळाची वडी, प्रवासात आधी तेच आंबते. डिंकाच्या लाडवात सुके खोबरे असते, ते चालते. खाण्याची पिशवी डिकीत नको, सीटजवळ एसीच्या वाऱ्यात ठेवा. डिकीतले पाणीसुद्धा चहाइतके तापते.

थंडीतली सहल

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सौदीचा सुखाचा काळ. स्थानिक कुटुंबे वाळवंटात चटई, शेगडी आणि चहाची किटली घेऊन जातात, त्याला 'कश्ता' म्हणतात. रियाधला थुमामा, दम्माम-खोबरला हाफ मून बे, जेद्दाला ओभूर. पूर्वी आपल्या सहली गुरुवारी-शुक्रवारी असत, २०१३ पासून शुक्रवार-शनिवार.

आपण अशा ठिकाणी बिर्याणीची पातेली नेतो, आणि ती वाटण्यात अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा निखाऱ्यावर भरीत करावे! मोठी वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, रताळी, मक्याची कणसे आणि घरून आणलेल्या भाकऱ्या. हुरडा पार्टीची आठवण येते आणि फारसे काही खराब होण्यासारखे नसते. सगळे शाकाहारी आहे, त्यामुळे शेजारच्या सौदी कुटुंबालाही निःसंकोच देता येते. वारा सुटला की ताटात वाळू येते, म्हणून भरीत भाकरीत गुंडाळून हातात द्यावे, ताटे काढूच नयेत. रात्री थांबणार असाल तर रियाधकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा थर्मासमध्ये मुगाचे कढण न्यावे. मुलांना चहापेक्षा ते बरे.

उपवासाचा डबा

साबुदाण्याची खिचडी डब्यात गार झाली की रबर. वरीच्या तांदळाला भाताचाच नियम लागू. डब्यासाठी राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची चिक्की, उकडलेले रताळे, दोन-तीन खजूर, केळे पुरेसे आहे.

भारतातून आणताना

हा भाग कृपया सुट्टीवर जाण्यापूर्वी वाचा. खसखस सौदीत प्रतिबंधित आहे. अरबीतही तिला 'खशखाश'च म्हणतात, म्हणजे कस्टममध्ये समजावून सांगायची सोय नाही. अफूच्या झाडाचे बी म्हणून ती अमली पदार्थात मोजली जाते आणि प्रकरण सामान जप्त होण्यापुरते राहीलच असे नाही. आपल्याकडे खसखस कुठे कुठे असते ते बघा : अनारशांवर, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, गोड्या मसाल्यात आणि कांदा-लसूण मसाल्यात. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या डब्यात ती निघू शकते. सुटे जायफळ आणि जायफळाची पूडही आणता येत नाही. श्रीखंड, बासुंदी, पुरणाला वेलची आणि केशर वापरावे.

सुक्या खोबऱ्याला भारतातल्या विमानतळांवर चेक-इन सामानात मनाई आहे, कारण त्यातले तेल पेट घेऊ शकते. इथे खोबऱ्याचा कीस मिळतो, तोच भाजून चटणीत घालावा. मेतकूट, भाजणी, नाचणीचे पीठ अशा सुट्या पुडी घरगुती पिशवीत आणण्यापेक्षा दुकानातली बंद, छापील पाकिटे आणावीत. घरची भाजणीच हवी असेल तर डाळी-धान्ये इथेच घेऊन भाजावीत आणि मिक्सरवर दळावीत. आणि घरी फोन कराल तेव्हा अनारशांना खसखशीऐवजी तीळ लावायला, मसाला बिनखसखशीचा कुटायला आधीच सांगून ठेवा. निघायच्या आदल्या रात्री डबे उघडून शोधत बसणे नको.